क्लाउडफ्लेअर पडलं की अर्धं इंटरनेट का पडतं? टेलिकॉम कंपन्यांच्या बंद पडलेल्या 'सीडीएन'ची गोष्ट

१८ नोव्हेंबर २०२५, मंगळवार. संध्याकाळचे पाच वाजायला आले होते. एक्स उघडेना, चॅटजीपीटी उघडेना. मग 'फक्त माझंच बंद आहे की सगळ्यांचं?' हे बघायला लोक ज्या डाउनडिटेक्टरवर जातात, तेही धड चालेना. थोड्या वेळानं कळलं की यातल्या कुणाचाच स्वतःचा सर्व्हर बिघडलेला नाही. बिघाड झाला होता क्लाउडफ्लेअर या मधल्या कंपनीत.

त्याच्या जेमतेम तीन आठवडे आधी, २९ ऑक्टोबरला, असंच झालं होतं. तेव्हा अडकली होती मायक्रोसॉफ्टची 'अझूर फ्रंट डोअर' ही सेवा. सेटिंगमधला एक चुकीचा बदल झाला आणि एक्सबॉक्सपासून अलास्का एअरलाइन्सच्या चेक-इनपर्यंत सगळं तासन् तास रखडलं.

दोन्ही वेळा मीम्सचा पाऊस पडला. त्यात एक प्रश्न मात्र बऱ्याच जणांनी गंभीरपणे विचारला. इंटरनेट तर विखुरलेलं असायला हवं होतं, मग ते चार-पाच कंपन्यांच्या हातात आलंच कसं? याचं उत्तर देताना सगळे मोठ्या झालेल्या कंपन्यांकडे बोट दाखवतात. ज्यांनी मधल्या काळात दुकान बंद केलं, त्यांच्याकडे फारसं कुणी बघत नाही. त्यात अमेरिकेतल्या बलाढ्य टेलिकॉम कंपन्या होत्या, आणि गंमत म्हणजे हा धंदा आपलाच आहे असं त्यांना मनापासून वाटत होतं.

आधी सीडीएन म्हणजे काय ते बघू

एक काळ असा होता की मुंबईत छापलेला पेपर एसटीनं गावात पोचेपर्यंत दुपार व्हायची. मग वृत्तपत्रांनी नाशिक, कोल्हापूर, नागपूरला छपाई सुरू केली. मजकूर एकाच ठिकाणी तयार व्हायचा, छापला जायचा वाचकाच्या जवळ. 'कंटेंट डिलिव्हरी नेटवर्क', म्हणजे सीडीएन, हेच काम करतं.

समजा एखाद्या वेबसाइटचा मूळ सर्व्हर अमेरिकेत व्हर्जिनियाला आहे. तिथून मुंबईचं अंतर सुमारे १३ हजार किलोमीटर. फायबर केबलमध्ये प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर धावतो. म्हणजे एक निरोप जाऊन उत्तर यायला किमान ०.१३ सेकंद लागतात, आणि तेही केबल अगदी सरळ रेषेत असती तर. आकडा छोटा वाटतो, पण एक पान उघडताना अशा कितीतरी फेऱ्या होतात. म्हणून फोटो, व्हिडिओ, कोडच्या फाइल्स यांच्या प्रती मुंबई, चेन्नई, सिंगापूर अशा ठिकाणच्या सर्व्हरवर ठेवायच्या आणि जो जवळ असेल त्याला तिथूनच द्यायच्या.

दुसरा फायदा गर्दीचा. २०२३ च्या क्रिकेट वर्ल्ड कपची फायनल डिस्ने प्लस हॉटस्टारवर एकाच वेळी ५.९ कोटी लोक बघत होते. एवढी मागणी एका जागेवरून पुरवणं कुणाच्याच बापाला जमणार नाही.

हा धंदा मोठा केला अकामाईनं. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठातल्या संशोधनातून १९९८ मध्ये ही कंपनी निघाली. वेबसाइटवाल्यांकडून पैसे घ्यायचे आणि त्यांचा माल जगभर वेळेत पोचवायचा, हे तिचं गणित.

'तार आमची, मग गोदामही आमचंच'

अकामाईकडे स्वतःच्या समुद्राखालच्या केबल्स नव्हत्या. तिचे सर्व्हर दुसऱ्यांच्या नेटवर्कमध्ये बसलेले असत. हे बघून टेलिकॉम कंपन्यांनी साधा हिशोब मांडला. डेटा आमच्या तारांमधून जातो, इमारती आमच्या, वीज आमची, मग मधला दलाल कशाला हवा?

लेव्हल थ्री ही त्यातली मोठी खेळाडू. सामान्य ग्राहकाला हे नाव माहीत नसे, पण इंटरनेटचा कणा म्हणाव्यात अशा केबल्सपैकी बऱ्याच तिच्याकडे होत्या. २००७ मध्ये तिनं सॅव्हिस कंपनीचा सीडीएन व्यवसाय १३.५ कोटी डॉलरना विकत घेतला. नोव्हेंबर २०१० मध्ये तर लॉटरीच लागली. नेटफ्लिक्सनं आपलं स्ट्रीमिंग पोचवण्याचं मुख्य काम लेव्हल थ्रीला दिलं. डीव्हीडी पोस्टानं पाठवणारी नेटफ्लिक्स तेव्हा झपाट्यानं ऑनलाइन होत होती, त्यामुळे हा करार म्हणजे खाणच वाटावी.

पण महिना संपायच्या आत भांडण सुरू झालं.

अमेरिकेत लाखो घरांना इंटरनेट देणाऱ्या कॉमकास्टनं लेव्हल थ्रीकडे पैसे मागितले. तोपर्यंत मोठी नेटवर्क्स एकमेकांचा ट्रॅफिक बहुतेक वेळा फुकट घेत, कारण देणं-घेणं साधारण सारखं असे. कॉमकास्टचं म्हणणं होतं, आता तुमच्याकडून येणारा ट्रॅफिक आमच्याकडून जाणाऱ्याच्या पाचपट होणार. हे आता शेजाऱ्यांमधलं देणं-घेणं राहिलेलं नाही, तुम्ही आमच्या रस्त्यावरून मालाचे ट्रक नेताय. लेव्हल थ्रीचं उत्तर होतं, हा माल तुमच्याच ग्राहकांनी मागवलाय. वाद गाजला, नेट न्यूट्रॅलिटीच्या चर्चेत ओढला गेला आणि जुलै २०१३ मध्ये कुठे मिटला.

दोन कंपन्यांचं नेहमीचं भांडण वाटत असलं तरी टेलिकॉमच्या सीडीएनची मूळ अडचण इथेच आहे. सीडीएनला प्रत्येक नेटवर्कच्या आत जागा लागते. अकामाईसारखी त्रयस्थ कंपनी आली तर इंटरनेट कंपनी तिला सर्व्हर ठेवायला जागा देते, कारण दोघांचा फायदा असतो आणि ती आपली स्पर्धक नसते. पण प्रतिस्पर्धी टेलिकॉम कंपनी दारात आली की पहिला प्रश्न येतो, हिला आत का घ्यायचं? तारा ही लेव्हल थ्रीची ताकद होती, आणि याच कामात ती ताकद तिच्या आड आली. शेवटच्या टप्प्यावरचं, ग्राहकाच्या घरापर्यंतचं नेटवर्क दुसऱ्याच्याच हातात होतं.

या भांडणातून शहाणं कोण झालं? नेटफ्लिक्स. जून २०१२ मध्ये तिनं 'ओपन कनेक्ट' हे स्वतःचं सीडीएन जाहीर केलं. आपल्या सिनेमा-मालिकांनी भरलेले सर्व्हर ती इंटरनेट कंपन्यांना फुकट देते आणि ते त्यांच्याच इमारतीत बसतात. गूगल यूट्यूबसाठी हेच करत होतं. २०१४ मध्ये ॲपलनंही स्वतःचं सीडीएन उभं केलं.

म्हणजे सगळ्यात मोठी गिऱ्हाइकं बाहेर पडली. उरलेल्यांसाठी अकामाई, ॲमेझॉन, क्लाउडफ्लेअर, फास्टली यांच्यात किमतीची लढाई लागली. ॲमेझॉनला सीडीएनमध्ये कमी नफा चालतो, कारण ग्राहक त्याच्याकडे क्लाउडचंही बिल भरत असतो. क्लाउडफ्लेअर तर छोट्या वेबसाइटना फुकट सेवा देतं आणि सुरक्षेसारख्या सेवांवर कमावतं. नुसता डेटा पोचवून पैसे कमावू बघणाऱ्याला या बाजारात जागा उरली नाही.

एटी अँड टीनं हे लवकर ओळखलं. डिसेंबर २०१२ मध्ये तिनं अकामाईशी भागीदारी केली आणि स्वतःचं सीडीएन चालवण्याचा हट्ट सोडून तिचीच सेवा आपल्या ग्राहकांना विकायला घेतली. व्हेरायझननं मात्र बरोबर उलटं केलं.

व्हेरायझनची खरेदी

डिसेंबर २०१३ मध्ये व्हेरायझननं एजकास्ट ही लॉस एंजेलिस भागातली सीडीएन कंपनी घेतली. किंमत अधिकृतपणे सांगितली नाही, पण ३५ कोटी डॉलरहून जास्त असल्याच्या बातम्या होत्या. एजकास्ट चांगली कंपनी होती. ट्विटर तिचा ग्राहक होता. त्या काळात ट्विटरवर फोटो उघडणाऱ्या कित्येकांनी एजकास्टचं नावही न ऐकता तिची सेवा वापरली असणार.

व्हेरायझनला फक्त सीडीएन नको होतं, तर तिला सगळंच हवं होतं. कंटेंट आपला, जाहिरात आपली, पोचवणारं नेटवर्क आपलं आणि हातातला फोनही आपल्याच सिमवर. २०१५ मध्ये ४४० कोटी डॉलरना एओएल घेतलं, २०१७ मध्ये ४४८ कोटींना याहू. तरुणांसाठी 'गो नाइंटी' नावाचं व्हिडिओ ॲप काढलं, ते २०१८ मध्ये गुंडाळलं. त्याच वर्षाच्या शेवटी या मीडिया व्यवसायाची ताळेबंदातली किंमत ४६० कोटी डॉलरनी कमी दाखवावी लागली.

२०२१ मध्ये व्हेरायझननं हा अख्खा गाठोडा अपोलो या गुंतवणूक कंपनीला ५०० कोटी डॉलरना विकला. एओएल आणि याहूवर मिळून जेवढे खर्च केले, त्याच्या जवळपास निम्मेच परत आले. या गाठोड्यात एजकास्टही होती. तिचं कुणी फारसं नाव घेतलं नाही, बातम्या सगळ्या याहूच्याच होत्या.

अपोलोनं एजकास्ट लाइमलाइट या जुन्या सीडीएन कंपनीला दिली. जून २०२२ मध्ये दोघी एक झाल्या आणि नाव पडलं एजिओ. दोन दमलेल्या कंपन्या एकत्र आल्या की एक ताजीतवानी कंपनी तयार होते, या समजुतीवर कॉर्पोरेट जगाचा अजब विश्वास आहे. इथे तसं झालं नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये एजिओनं दिवाळखोरीसाठी अर्ज केला.

विकलं गेलं ते काय?

तिकडे लेव्हल थ्रीचंही वेगळं काही झालं नाही. २०१७ मध्ये सेंच्युरीलिंक या टेलिकॉम कंपनीनं ती घेतली. कर्ज धरून सौदा सुमारे ३,४०० कोटी डॉलरचा होता. २०२० मध्ये सेंच्युरीलिंकनं स्वतःचं नाव लुमेन केलं. पण नाव बदलून कर्ज जात नाही. २०२३ मध्ये ते २,००० कोटी डॉलरच्या आसपास होतं आणि लुमेन एकेक भाग विकत सुटली होती. लॅटिन अमेरिकेतला व्यवसाय गेला, अमेरिकेतल्या २० राज्यांमधलं जुनं टेलिफोन नेटवर्क गेलं, युरोपचा भाग गेला.

ऑक्टोबर २०२३ मध्ये सीडीएनचा नंबर लागला. ते मात्र भाग म्हणूनही विकलं गेलं नाही. अकामाईनं लुमेनच्या निवडक कंपनी-ग्राहकांचे करार घेतले आणि २०२४ च्या सुरुवातीला लुमेननं सेवा बंद केली.

इथे 'निवडक करार' या शब्दांवर थांबायला हवं. अकामाईनं सर्व्हर घेतले नाहीत, तंत्रज्ञान घेतलं नाही, माणसं घेतली नाहीत. एजिओच्या वेळी पुन्हा हेच झालं. दिवाळखोरीच्या लिलावात अकामाईनं १२.५ कोटी डॉलर मोजून निवडक ग्राहकांचे करार आणि पेटंटसंबंधी हक्क घेतले, नेटवर्क घेतलं नाही. गावातलं एखादं दुकान बंद होताना शेजारच्या दुकानदारानं फक्त उधारीची वही विकत घ्यावी, तसा हा प्रकार. दुकान, गडी, माल कशाचीच त्याला गरज नव्हती. त्याला हवी होती गिऱ्हाइकं.

व्यवसाय म्हणून यात चूक काढता येणार नाही. पण परिणाम बघा. एक कंपनी दुसरीत विलीन झाली तर निदान तिची यंत्रणा कुठेतरी चालू राहते. इथे यंत्रणाच बंद झाली आणि तिच्यावरचा भार दुसऱ्याच्या आधीच्याच यंत्रणेवर गेला. नावांची यादी कमी झालीच, शिवाय डेटा पोचवण्याचे स्वतंत्र मार्गही कमी झाले.

ज्यांनी करारच केला नव्हता, त्यांचं काय?

एजिओचं नेटवर्क १५ जानेवारी २०२५ ला बंद होणार, हे ठरलं आणि एक वेगळीच धांदल उडाली.

मायक्रोसॉफ्ट बरीच वर्षं आपल्या अझूर क्लाउडवर एजकास्टची सेवा विकत होतं. आधी त्याचं नाव 'अझूर सीडीएन फ्रॉम व्हेरायझन' होतं, मग 'फ्रॉम एजिओ' झालं. ग्राहकाला बिल मायक्रोसॉफ्टचं यायचं, पत्ता 'अझूरएज डॉट नेट' असा मायक्रोसॉफ्टचाच वाटायचा, आणि मागे सर्व्हर मात्र तिसऱ्याच कंपनीचे.

खुद्द मायक्रोसॉफ्टही यात अडकलं होतं. डॉट नेट ही त्यांची प्रोग्रॅमिंगची यंत्रणा जगभर वापरली जाते. पुण्या-मुंबईच्या आयटी कंपन्यांमध्ये तर त्यावर वर्षानुवर्षं काम करणारी माणसं आहेत. ती इन्स्टॉल करण्याच्या फाइल्स याच पत्त्यावरून मिळत. डिसेंबर २०२४ च्या शेवटच्या दिवसांत, अर्धं जग नाताळच्या सुट्टीवर असताना, डॉट नेटच्या टीमला जाहीर करावं लागलं की हे पत्ते बदलतायत, तुमच्या स्क्रिप्ट तपासा.

अडचण अशी की हे पत्ते कुणी रोज हातानं टाइप करत नाही. पाच-सात वर्षांपूर्वी कुणीतरी एका स्क्रिप्टमध्ये तो लिहून ठेवलेला असतो. तो माणूस नोकरी सोडून गेलेला असतो. स्क्रिप्ट रोज रात्री आपोआप चालते, फाइल आणते, सॉफ्टवेअर तयार करते. ज्या दिवशी पत्ता मरतो, त्या दिवशी सगळं थांबतं, आणि कारण शोधणाऱ्या माणसाला व्हेरायझन, अपोलो, लाइमलाइट यांच्याशी आपला काय संबंध ते कळतही नाही. त्यानं यातल्या कुणाशी कधी करार केलेलाच नव्हता.

त्या घोषणेत मायक्रोसॉफ्टनं आणखी एक गोष्ट आवर्जून सांगितली. हे जुने पत्ते दुसऱ्या कुणाच्याही हाती जाऊ दिले जाणार नाहीत. हे सांगायची वेळ का आली, ते समजायला जून २०२४ मध्ये जावं लागेल. 'पॉलिफिल डॉट आयओ' हा पत्ता हजारो वेबसाइट कोडच्या छोट्या फाइल्स आणायला वापरत. त्या वर्षीच्या सुरुवातीला तो पत्ता एका नव्या कंपनीकडे गेला, आणि काही महिन्यांत त्यावरून लोकांना भलत्याच साइटवर नेणारा कोड येऊ लागला. सुरक्षा संशोधकांच्या मते १ लाखाहून जास्त वेबसाइट त्यात सापडल्या. वेबसाइटवाल्यांनी स्वतःचं काहीच बदललं नव्हतं. बदलला होता फक्त पत्त्याचा मालक.

एजिओच्या बाबतीत असं काही झालं नाही. जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात मायक्रोसॉफ्टनं उरलेल्या ग्राहकांना आपल्याच सेवेवर हलवायला घेतलं. ती सेवा म्हणजे अझूर फ्रंट डोअर. हो, २९ ऑक्टोबरला पडली तीच.

भारतात हे वेगळं आहे का?

थोडं आहे. मुंबईत मुख्यालय असलेल्या टाटा कम्युनिकेशन्सनंही २०११ मध्ये बिटग्रॅव्हिटी ही अमेरिकी सीडीएन कंपनी घेतली होती. म्हणजे तार आपली तर गोदामही आपलं, हा विचार इथेही झाला.

पण व्हेरायझनच्या स्वप्नाशी जास्त जुळणारं चित्र आज रिलायन्सचं आहे. समूहाकडे जिओचं नेटवर्क आहे. डिस्नेबरोबरच्या विलीनीकरणानंतर फेब्रुवारी २०२५ मध्ये जिओहॉटस्टार आलं आणि आयपीएलचं स्ट्रीमिंग त्याच ॲपवर. व्हेरायझनकडे असं काही नव्हतं. याहू आणि एओएल ही उतरणीला लागलेली नावं होती, लोकांनी त्यासाठी फोन हातात घ्यावा असं त्यात काही उरलं नव्हतं. क्रिकेटचं तसं नाही. त्यामुळे अमेरिकेत जे फसलं ते इथे फसेलच, असं म्हणणं घाईचं होईल. मात्र लेव्हल थ्रीला भेडसावलेला प्रश्न इथेही आहे. मॅच बघणारे सगळेच काही जिओचे ग्राहक नाहीत. एअरटेलवर बघणाऱ्यालाही ती तितकीच स्वच्छ दिसायला हवी, म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या नेटवर्कशी जुळवून घेणं आलंच.

आणि लुमेन? ती आता पुन्हा तारांकडे वळली आहे. एआयमुळे डेटा सेंटर एकमेकांना जोडायला प्रचंड फायबर लागतंय. ऑगस्ट २०२४ मध्ये लुमेननं अशा कामाचे ५०० कोटी डॉलरचे नवे करार जाहीर केले. त्याच्या काही आठवडे आधी तिनं ज्या मोठ्या ग्राहकाचं नाव अभिमानानं सांगितलं होतं, तो होता मायक्रोसॉफ्ट.